गुडघेदुखी मंडळ

रत्नमाला खोटं बोलायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. कुवेतमधल्या एका इस्पितळात, प्लास्टरच्या खोलीत ती नर्स होती. मोडलेलं हाड बसवताना "अजिबात दुखणार नाही हं" असं दिवसातून वीसदा म्हणून जीभ अशी तयार झाली, असं ती सांगायची. ही सुद्धा थापच. सोलापूरहून निघाली तेव्हाच तिची जीभ चांगली तेल लावलेली होती.

बनेद अल-गारला समुद्राजवळच्या दोन खोल्यांत ती उल्काबरोबर राहायची. उल्का सांगलीची, त्याच इस्पितळात एक्स-रे काढायची. घरमालकाच्या लेखी उल्का ही रत्नमालेची मावसबहीण, मेट्रनच्या लेखी रूम पार्टनर आणि सोलापूरच्या आईच्या लेखी एक गरीब बिचारी मुलगी, जिला एकटीला भीती वाटते. खरं असं होतं की या दोघींचा गेली आठ वर्षं एकमेकींवर जीव होता, बाईचा नवऱ्यावर असतो तसा. हे त्यांच्याखेरीज अख्ख्या कुवेतमध्ये नऊ माणसांना माहीत होतं, आणि ती नऊही माणसं शुक्रवारी सकाळी लंगडत असत.

लंगडण्याचं कारण असं. इस्पितळात कॅनडाची एक फिजिओथेरपिस्ट होती. तिच्या देशात लोक बर्फावरून जड दगड घरंगळवत नेतात आणि त्याला कर्लिंग म्हणतात. तिला तो खेळ खेळायचा होता, आणि तिचाही जीव एका बाईवरच होता. रत्नमालेने दोन आणि दोन चार केले. आपल्यासारखी माणसं गोळा केली, शहरातल्या बर्फाच्या मैदानाच्या मिसरी मॅनेजरला गाठलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "हे सगळे गुडघेदुखीचे पेशंट. बर्फावर चालणं हा यांचा नवा इलाज." मॅनेजरने सहानुभूतीने शुक्रवारी सात ते नऊची वेळ दिली. अशा रीतीने १९९०च्या जानेवारीत गुडघेदुखी मंडळाची स्थापना झाली. नियम एक, दारातून आत येताना आणि बाहेर जाताना लंगडायचं. रत्नागिरीकडचा मजीद तर इतकं सुरेख लंगडायचा की मॅनेजर त्याच्यासाठी खुर्ची घेऊन धावे.

दगड कुठून आणणार? रत्नमालेने हवल्लीच्या बाजारातून आठ जाडजूड पातेली आणली, त्यात वाळू आणि प्लास्टर भरलं आणि ते ओलं असतानाच वर दाराच्या मुठी रोवल्या. पातेलं ढकलायचं ते समोर आखलेल्या गोलाच्या मध्याजवळ थांबावं म्हणून. जोडीदाराने पुढे धावत झाडूने बर्फ घासायचा, म्हणजे ते आणखी लांब सरकतं. पंच नाही. धावत्या पातेल्याला झाडू लागला तर ज्याचा लागला त्यानेच ओरडून सांगायचं, आणि पातेलं बाद. खेळ संपला की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना चहा आणून द्यायचा.

आठवडाभर खोटं बोलणारी ही माणसं इथे मात्र हरिश्चंद्राचे अवतार होत. "लागला, माझा लागला!" असं म्हणायला एकेकाला काय आनंद व्हायचा! अपवाद फक्त मंडळाच्या संस्थापिकेचा. अख्ख्या हंगामात रत्नमालेचा झाडू एकदाही लागला नव्हता. सगळे हसत, पण कोणी काही बोलत नसे. ज्या बाईने आपल्याला भेटायला जागा दिली तिच्याशी हुज्जत कोण घालणार?

मार्चमध्ये उल्कासाठी स्थळ आल्याचं भावाचं पत्र आलं. साखर कारखान्यातला विधुर, स्वभावाने गरीब, मे महिन्यात साखरपुडा.

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय," उल्का म्हणाली. "काय लिहू?"

"लिही, कारखान्यातला आहे तर येताना दोन पोती घेऊन ये म्हणावं."

उल्का हसली नाही. "जाऊ की नको, एवढंच सांग रत्ना. मी चाळिशीला आले. आठ वर्षांत तू मला शंभर विनोद सांगितलेस, पण राहा असं एकदाही म्हणाली नाहीस."

रत्नमालेने परात पुढे ओढली. राहा म्हणावं आणि उद्या हिला पस्तावा झाला तर? तिने कणीक मळायला घेतली आणि म्हणाली, "तुझी मर्जी." तिच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी थाप होती, आणि एकदाच ती तिला नीट जमली नाही. त्यानंतर चार दिवस घरात फक्त मिठाची आणि किल्लीची चौकशी झाली.

शुक्रवार उजाडला. रोजे सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा सामना, एका बाजूला रत्नमाला आणि मजीद, दुसऱ्या बाजूला उल्का आणि कॅनडावाली. बरोबरी झाली होती, मध्याच्या सगळ्यात जवळ उल्काचं पातेलं होतं आणि शेवटचं पातेलं मजीदचं होतं. त्याने ते सोडलं, रत्नमाला झाडू घेऊन पुढे धावली आणि जिवाच्या आकांताने घासू लागली. शेवटच्या हातभर अंतरात तिच्या झाडूचे केस पातेल्याला चाटून गेले. पातेलं गोलाच्या अगदी मध्यावर थांबलं. मजीद गुडघेदुखी विसरून नाचायला लागला.

कोणीही पाहिलं नव्हतं. समोर उल्का उभी होती, आणि ती पातेल्याकडे नव्हे, रत्नमालेकडे बघत होती. त्या डोळ्यांसमोर रत्नमालेला आणखी एक थाप मारवेना.

"लागला," ती म्हणाली. "झाडू लागला माझा."

मजीदचा पाय हवेतच राहिला. "गो बाय, ताप आलाय काय तुला?"

पातेलं बाद झालं, उल्काची बाजू जिंकली. सगळे रत्नमालेच्या पाठीवर थापा मारत राहिले. ती बाकावर जाऊन बसली. एकदा खरं बोललीच होती, तर धीर आहे तोवर उरलेलंही बोलून टाकायला हवं होतं. रिवाजाप्रमाणे उल्का चहा घेऊन आली. रत्नमालेने पेला घेतला नाही.

"जाऊ नकोस," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मला तुझ्याशिवाय राहता येणार नाही. मर्जी-बिर्जी सगळं खोटं होतं."

उल्काने पेला बाकावर ठेवला आणि पदराने डोळे टिपले.

"माझाही लागलाय," ती म्हणाली. "शुक्रवारची मुदत मी मनाने सांगितली. भावाला तर पत्र आलं त्याच दिवशी 'नाही' म्हणून लिहिलं होतं."