तिघांचा सेट

लोहाऱ्यात राजेश्वरीला सगळे ‘टायपिंगवाली बाई’ म्हणून ओळखतात. वकिलांचे दावे, मास्तरांचे प्रबंध, सगळं तिच्या मोबाइलवर फोटो होऊन येतं आणि टाइप होऊन जातं. पूर्वी माणसं कागद घेऊन यायची, पायरीवर टेकायची, पाणी मागायची. आता कागद येत नाही, म्हणून माणूसही येत नाही. आई गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच. एखाद्या दिवशी दूधवाल्याला ‘उद्या अर्धाच लिटर’ म्हटलं, की त्या दिवसाचं बोलणं संपलं.

तिच्या कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेली होती. त्यानं काही अडत नव्हतं. महालिंगप्पा सरांनी टायपिंगच्या क्लासात डोळ्यांवर रुमाल बांधून हात बसवून घेतला होता. पण बटणं देवळाच्या पायरीगत गुळगुळीत झालेली, बोट घसरायचं. म्हणून तिनं पुण्याच्या समर्थला फोन लावला. बटणांवरच्या टोप्या, त्यांच्या भाषेत कीकॅप, एवढंच तो विकायचा. त्यानं दोन नमुने पाठवले.

“मॅडम, दोन्ही प्लास्टिकच. चकचकीत आहे ती एबीएस. स्वस्त पडते, पण काही दिवसांनी तेलकट दिसायला लागते. खरखरीत आहे ती पीबीटी.”

राजेश्वरीनं दोन्ही अंगठ्याखाली घोळवल्या. पीबीटी जोंधळ्याच्या पिठागत लागत होती. नखानं वाजवली तर एबीएस किरकिरल्यासारखी टिकटिकायची; ही दुसरी ‘टक्’ म्हणून थांबायची.

“हीच द्या. आणि आकार जुना मिळतो का? आमच्या क्लासातल्या टाइपरायटर मशीनला होता तसा. उंच, मधी वाटीगत खोलगट.”

“मिळतो ना. जुन्या पद्धतीचं वेड आहे लोकांना. रंग?”

“सायीचा. कडंच्या तपकिरी.”

“अक्षरं?”

“मराठी. मशीनवरची. अर्धा ण, अर्धा श, पुढं काना मारून पुरा करायचा, तसली.”

“तशी तयार नाही मिळत, मॅडम. छापून घ्यावी लागतील. पीबीटीत रंग आत मुरवतात, पुसला जात नाही. पण एकासाठी कारखाना हात लावत नाही. आणखी दोघं बघा. तीन सेट झाले की टाकतो.” मग त्यानं विचारलं, “तुम्हाला टाइप करताना अक्षरं बघावी लागतात?”

“न्हाय.”

“मग?”

“असू द्या की हो.”

दोघं. राजेश्वरीला हुरूप आला. फोन करायला कारण मिळालं होतं.

क्लासात तिच्या एका हाताला गोरोबा बसायचा, दुसऱ्या हाताला हर्षाली. गोरोबा आता उमरग्याच्या रस्त्यावर जीप चालवतो.

“बोल राजाक्का, पुढची जागा धरू का?”

तिनं सगळं सांगितलं. मागून कोणीतरी ‘चला की ओ’ म्हणून कावत होतं.

“मला हॉर्नचं एक बटण बास झालं,” तो हसला. “पर टाक नाव माझं. पैसे देतो, वस्तू तूच ठेव. ए, दार लाव रं ते.” आणि फोन बंद.

हर्षाली जळकोटला दिलेली. एसटीनं म्हटलं तर फार लांब नाही, पण राजेश्वरीच्या आईच्या दहाव्याला आली ती शेवटची.

“राजे, आज कुणीकडं सूर्य उगवला गं?”

“तुला ते मशीन आठवतंय का, ‘श’ अडकायचा ते?”

“न आठवायला काय झालं? डोक्याची पिन घालून काढायचे मी. सर म्हणायचे, टायपिंग शिकाय आलीस का मिस्त्रीकाम?”

दोघी हसल्या. राजेश्वरीनं तीन सेटची अट सांगितली. तेवढ्यात पलीकडं कुणीतरी हाक मारली आणि हर्षालीचा आवाज खाली आला.

“टाक माझं नाव. पण इथं पाठवू नको बाई. सासूबाई फोडून बघतील अन् आठ दिवस विचारत बसतील. तुझ्याकडंच ठेव. चल, भाकरी करपली माझी.”

समर्थनं तिघांचे पत्ते विचारले तेव्हा राजेश्वरी अडखळली. गोरोबाकडं कॉम्प्युटर नाही. हर्षालीनं लग्नानंतर एक ओळ टाइप केलेली नाही. आजारी बाईला ‘होशील बरी’ म्हणावं, तशी दोघांनी नावं दिली होती. तिला एकदम लाज वाटली. आपण हे काय मागत हिंडतोय?

“माणसं जमली न्हाईत,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या.”

“मग इंग्रजी अक्षरांचा तयार सेट देऊ? तीच पीबीटी, तोच आकार.”

“द्या.”

पार्सल आलं. जुन्या टोप्या उपटून तिनं एकेक नवी बसवली. बोट वाटीत असं बसलं, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. लातूरच्या एका मास्तरांचा करडईवरच्या मावा किडीचा प्रबंध तिनं पुढं ओढला.

पंधरवडा गेला असेल. दुपारी हर्षालीचाच फोन.

“राजे, आलं का गं माझं?”

“काय?”

“बटणं. मी घरात सांगून ठेवलंय, लोहाऱ्याला माझं पार्सल यायचंय, आणाय जावं लागतंय. ह्यांनापण पटवलंय. एक रात्र मुक्कामाला येते म्हणून.”

राजेश्वरी खुर्चीत सावरून बसली. “मी तुझं नाव काढून टाकलं गं.”

“का?”

“तूच म्हणालीस पाठवू नको.”

“पाठवू नको म्हणाले. मला नको, असं कुठं म्हणाले?”

“तशीच ये की मग.”

“तशी कशी येऊ? काय म्हणून सांगू?”

राजेश्वरीला काहीतरी सुचायला हवं होतं. इतके दावे, इतक्या कैफियती तिनं टाइप केल्या होत्या. एका बाईनं दुसरीकडं रात्रभर राहायला यावं, त्याचं कारण मात्र तिला सापडेना.

“बरं, बसलीयस का मशीनवर?” हर्षालीनं विचारलं. “घरात कोणी न्हाय आत्ता. वाजव जरा. बघू कसं वाजतंय.”

तिनं फोन कीबोर्डला टेकवून ठेवला आणि माव्याचा परिच्छेद सुरू केला. टक् टक् टक्. “अगं, हुबेहूब,” हर्षाली म्हणाली. राजेश्वरीनं वेग वाढवला. पलीकडं दाराची कडी वाजली, कुणीतरी ‘कोन हाय गं फोनवर’ म्हणालं. फोन कधी बंद झाला ते तिला ओळ संपल्यावर कळलं.