घरात सांगितली गेलेली कावीळ

बाबा बारीक व्हायला लागले तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. राहनाळच्या गोदामात सुपरवायझर झाल्यापासून त्यांचं पोट सुटलं होतं. पन्नाशी उलटल्यावर अचानक साखर निघाली, आणि त्यानंतर वजन उतरू लागलं. "गोड बंद केलं, बघा कसा फरक पडला," असं आई शेजारणींना कौतुकानं सांगायची. पाठ दुखायची, तर आम्ही म्हणायचो, गाड्या भरताना अजूनही मध्येच हात लावतात, ऐकत नाहीत. जेवल्यावर पोटात कळ यायची आणि पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. बिडी चालूच होती.

मग डोळे पिवळे झाले. खाज इतकी सुटली की ते दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. कशेळीहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण, तिचा शब्द घरात शेवटचा. तिनं गावातल्या माणसाकडून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून दह्यातून पाजलं. उतार पडला नाही, तेव्हा मीच बाबांना ठाण्याला नेलं. आत्याही सोबत आली.

सीटी स्कॅन बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, तिथे गाठ आहे. तिनं पित्ताची नळी दाबलीय, म्हणून ही कावीळ. कॅन्सरच वाटतोय, तपासणीसाठी तुकडा घ्यावा लागेल." मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला झाला होता का असा कॅन्सर? वडील, भाऊ, बहीण?"

"न्हाय," आत्या लगेच म्हणाली. "आमच्यात कोनाला न्हाय."

मी बाबांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या काचेकडे बघत होते. मला वाटलं, धक्का बसलाय.

गाठ मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. नळी घालून कावीळ उतरवली, केमो सुरू केली. भातकापणी संपायच्या आत बाबा गेले.

तेराव्याला आजोबांचे एक चुलतभाऊ आले होते. जेवून हात धुता धुता ते माझ्या भावाला म्हणाले, "तुजा बाप त्याच्या बापासारखाच गेला रे. त्यालाबी मुंबईच्या डाक्टरांनी हाच सांगितलेला, पोटातला कॅन्सर. त्या मागच्या पिंडाचा."

आजोबा काविळीनं गेले, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

आत्या मागच्या पडवीत भांडी पुसत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं. तिनं नाकारलं नाही.

"तुजं लगीन व्हायचं होतं तवा. घरात कॅन्सर हाय म्हटल्यावर पोरी कोन करून नेतो?"

"माझं लग्न होऊन किती वर्षं झाली, आत्या. डॉक्टरांनी तोंडावर विचारलं, तेव्हाही न्हाय म्हणालीस."

"तुलाबी पोरगी हाय ना. सवय झाली गो ती. तोंडातून तोच निघाला."

"बाबांना माहीत होतं?"

ती हातातलं ताट पुसतच राहिली. "बापाला हास्पिटलात घेऊन त्योच तर जायाचा."

आत्याचं वागणं मी समजू शकत होते. पण बाबा? आपल्या बापाचे डोळे पिवळे झालेले त्यांनी पाहिले होते. त्यांची खाज, त्यांचं पुढे वाकून बसणं पाहिलं होतं. वजन उतरत होतं आणि आम्ही कौतुक करत होतो, तेव्हा ते हसायचे. मला वाटायचं, लाजून हसतात. मी त्यांना जिना चढवत दवाखान्यात नेत होते आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून गप्प होते. ज्या माणसाला कधी काही विचारायची मला गरज पडली नाही, त्यानंच मला बाहेर ठेवलं होतं.

भावाला घेऊन मी पुन्हा त्या डॉक्टरबाईंकडे गेले. आधी कळलं असतं तर बाबा वाचले असते का, हे मला ऐकायचं होतं.

"तसं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "हा आजार फार उशिरा तोंड दाखवतो. पण घरात आधी झालेला कॅन्सर, त्यात या वयात नव्यानं निघालेली साखर आणि उतरतं वजन, हे एकत्र दिसलं असतं तर कुणीही डॉक्टर ॲसिडिटीवर थांबला नसता." आमच्याबद्दल त्या म्हणाल्या, "धोका इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणजे होणारच असं नाही. तंबाखू, विडी-सिगारेट बंद. वजन आणि साखर सांभाळा. दोघांनी जनुकांची तपासणी करून घ्या, मग पुढे काय लक्ष ठेवायचं ते ठरवू."

भाऊ काल्हेरच्या गोदामात शिफ्टवर असतो, सिगारेट त्याचीही आहे. जिन्यात तो मला म्हणाला, "माझ्या हातातली सिगारेट बघून बाबा एकदाही बोलले नाहीत, ताई."

भावकीतल्या सगळ्या चुलत भावंडांना मी फोन करून सांगितलं. तेव्हापासून आत्या माझ्याशी बोलत नाही. मीही गेले नाही तिच्याकडे. बाबांची आठवण रोज येते. आधी राग येतो, रडू त्याच्यानंतर.