टॉवेलाखालचे टक्के

"बाई, हात द्या," असं म्हणून त्या माणसानं भरल्या दवाखान्यात माझ्या हातावर टॉवेल टाकला!

फुप्फुसांच्या दवाखान्यात मी फुंकायचं मशीन चालवते. पेशंट नळीत फुंकतो, मशीन टक्के सांगतं. हे मामा काष्टीच्या बाजारातले बैलांचे दलाल. त्यांचे आले पस्तीस. बाजारात भाव टॉवेलाखाली बोटं दाबून ठरतो, म्हणून माझीही बोटं दाबायला लागले.

"साठ करा."

"अहो मामा, हा काय बैल आहे?"

"बरं, पन्नास. सौदा मोडू नका."

बाकावरचे पेशंट खोकत खोकत हसत होते. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

मामांना सलत होता थोरला भाऊ. दोघांनी जन्मभर एकाच बंडलातल्या विड्या ओढल्या. भाऊ अजून उसाची मोळी उचलतो आणि यांना चप्पल घालताना धाप. एकदा त्याला पुराव्यादाखल घेऊन आले आणि आमच्या जिन्यावर वर-खाली पळवलं, गिऱ्हाइकाला बैल चालवून दाखवतात तसं. तो बिचारा पळाला!

डॉक्टरांनी मामांचं रक्त तपासलं. "फुप्फुसं जपणारा एक घटक तुमच्यात जन्मापासून कमी आहे. आईकडून एक, बापाकडून एक, दोषाचे दोन्ही वाटे तुम्हाला आले. भावाला नसतील आले."

मामा खूश! "मी तर लई वरसं सांगतोय, बैल घेताना दात न्हाई, आई-बाप बघा." मग एकदम खुर्ची पुढं ओढली. "मंग माज्या पोरीचं वं?"

"तुमचा एक वाटा तिला गेलाच. आईचाही आला असेल तर जपावं लागेल."

पोरगी सुप्याच्या कंपनीत, धुळीत कामाला. तिचंही रक्त तपासायला दिलं. त्या दिवसापासून मामांनी टक्क्यांची घासाघीस सोडली. येईल त्याला एकच विचारायचे, "पोरीचा रिपोर्ट आला का?"

रिपोर्ट आला तेव्हा मामा ऑक्सिजनवर होते. बोलवत नव्हतं. त्यांनी टॉवेल ओढला, खाली माझी दोन बोटं धरली आणि माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही वाटे?

मी एक बोट सोडवून घेतलं. एकच.

उरलेलं बोट त्यांनी असं काही दाबलं की मला भडभडून आलं. त्याच आठवड्यात मामा गेले.

परवा पोरगी तपासणीला आली. तिनं दणक्यात फुंकलं. "ब्याण्णव! झकास," मी म्हटलं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं, माझ्या हातावर ओढणी टाकली आणि बोटं दाबायला लागली. शंभर मागत होती.

"घे बाई, घे," मी डोळे पुसत म्हटलं.