सीलबंद कार्डातला लाल पटका

लाखेचा वास आला की ती घटना जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. परवा पोस्टात एका पार्सलावर लाख वितळवत होते, तर मी रांग सोडून बाहेर आलो. पत्नीने कारण विचारले नाही. तिला माहीत आहे.

त्या वेळी मी माळशिरस भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. उन्हाळा होता आणि गावोगाव एकच भीती पसरली होती. चोर ड्रोन उडवून घरे हेरतात, अशी. रोज ठाण्यात फोन यायचे. आमचा ठाणे अंमलदार वैतागून म्हणायचा, "साहेब, आता शुक्राची चांदणीसुद्धा ड्रोन झालीय." आम्ही हसायचो, पण गस्त वाढवली होती. कुठल्या गावात कोण परका माणूस जमावाच्या हाती सापडेल, याची धास्ती मला सतत असायची.

तो दुसरा शनिवार होता. सकाळी अकराच्या सुमारास खबर आली. खबर देणारा मुरमाच्या टिपरचा मालक, ठाण्याच्या ओळखीचा. बंदोबस्ताला गाडी कमी पडली की आम्ही त्याचीच मागवायचो.

"साहेब, ड्रोनवाला घावलाय माळावर. लवकर या, न्हायतर पोरं जीव घेतील त्याचा."

आम्ही पोहोचलो तेव्हा तिशीतला एक माणूस मोटारसायकलला पाठ टेकून उभा होता. शर्ट फाटलेला, ड्रोनची पेटी छातीशी धरलेली. त्याने तहसील कार्यालयाचे पत्र पुढे केले. मोजणी आणि नकाशासाठी ड्रोन उडवायची परवानगी त्यात होती. खाली जमिनींचे गट नंबर होते. त्या गटांमध्ये काय आहे, हे मी पाहिले नाही. तहसीलला फोन लावला, तर सुटीमुळे नुसताच वाजत राहिला.

"ते कागूद खोटं हाय साहेब," गर्दीतून एक जण ओरडला. "मगाशी फोनवर कसली भाषा बोलत हुता इचारा की. हितला न्हाईच ह्यो."

"सर, मी सोलापूरचाच आहे," तो म्हणाला. "सात रस्त्याजवळ आमचं ऑफिस आहे. आईचा फोन होता. घरी आम्ही तेलुगूच बोलतो."

सोलापूर शहरात मी चार वर्षे नोकरी केलेली. विणकरांच्या घरांतून तेलुगू बोलतात, हे मला नव्याने सांगायची गरज नव्हती. तरी त्या गर्दीसमोर मी ते बोललो नाही. त्याला ताब्यात घेतले. ड्रोन, रिमोट, लॅपटॉप, मेमरी कार्ड सगळे जप्त केले. दोन पंचांसमोर पाकिटे लाखेने सील केली, सह्या घेतल्या, मुद्देमाल कपाटात ठेवला. पंचनामा चोख झाला, याचे मला समाधान वाटले.

दुपारी तीनच्या सुमारास एक मेंढपाळ बाई ठाण्यात आली. पायात चप्पल नव्हती. तिचे सासरे सकाळी मेंढरे घेऊन माळावर गेले होते.

"मेंढरं एकलीच आली वाड्यावर. मामा न्हाईत. कधी असं झालं न्हाई साहेब. त्यांना साखरंचा आजार हाय. पाण्याची बाटलीबी घरीच ऱ्हायलीय."

बेपत्ता झाल्याची तक्रार दाखल केली. शोध सुरू करणार, तेवढ्यात टिपरचा मालक स्वतःहून हजर झाला. म्हातारा कालव्याच्या अंगाला जाताना आपण पाहिला, असे त्याने सांगितले. आम्ही सगळी माणसे कालव्याकडे लावली. अंधार पडेपर्यंत कालवा धुंडाळला. काही हाती लागले नाही.

आता संशय ड्रोनवाल्यावर आला. ड्रोनच्या आवाजाने मेंढरे बुजली, म्हातारा भांडला असेल, याने काहीतरी केले असेल, असे गाव बोलू लागले. मी त्याला समोर बसवले.

"म्हातारा कुठे दिसला?"

"मी नाही पाहिला सर. माझं लक्ष बॅटरीवर होतं."

"मेंढरं?"

"पलीकडे होती. सर, माझ्यावर विश्वास नका ठेवू, कार्डातले फोटो बघा. सगळा माळ त्यात आहे. कार्ड तुमच्याकडेच आहे."

"सील केलेला मुद्देमाल तुझ्या सांगण्यावरून उघडू?"

"माणूस हरवलाय ना, सर?"

त्यावर मी त्याच्या कानाखाली मारली. ठाणे दैनंदिनीत मी लिहिले, 'चौकशी केली असता समाधानकारक उत्तरे दिली नाहीत.' ते माझ्या अक्षरात आजही तिथे असेल.

मी सील का उघडले नाही, हे इथे सांगितलेच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका खटल्यात पाकिटाचे सील मोडलेले निघाले आणि माझा आरोपी सुटला. भर न्यायालयात मला जे ऐकावे लागले, त्याची भीती मनात बसली होती. त्या रात्री मी म्हाताऱ्याचा विचार केला, हे खरे. पण त्याहून जास्त विचार त्या सीलचा केला.

सकाळी मुद्देमाल सांभाळणाऱ्या महिला हवालदार माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नोकरीत माझ्याइतक्याच जुन्या. म्हणाल्या, "साहेब, सील आपणच मारलंय. पंच बोलवू, उघडू, बघू, परत मारू. दुसरा पंचनामा करायला दोन कागद जास्त लागतील, एवढंच. ती बाई कालपासून पायरीवर बसलीय. पाणीसुद्धा पीत नाही."

इतके सोपे होते ते.

पंच आले. सील उघडले. ड्रोनवाल्याने लॅपटॉप सुरू केला. शेत नांगरावे तसा ड्रोन ओळीओळीने जातो-येतो, आणि नकाशा जोडता यावा म्हणून प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा येतो, असे त्याने सांगितले. म्हणजे एकच जागा अनेकदा दिसते. आम्ही एकेक फोटो पाहू लागलो. वरून माणूस माणसासारखा दिसत नाही. आम्हा कोणाला काही कळेना. मी बाईला आत बोलावले.

ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. "ही आमची मेंढरं. आन ह्यो मामांचा पटका."

एक लाल ठिपका. पुढच्या फोटोंत मेंढरे उधळलेली, आणि ठिपका त्यांना आडवा धावलेला. ड्रोन परत फिरून आला त्या ओळीत ठिपका नव्हता. एका मोठ्या खड्ड्याच्या काठाशी मेंढरांचा घोळका उभा होता.

"उन्हाची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालत्यात सावलीला," ती म्हणाली. "ही बगा, समदी खड्ड्याकडं तोंड करून हायत. मामा त्या खड्ड्यात हायत."

ड्रोनवाल्याने पुढचा फोटो मोठा केला. खड्ड्याच्या तळाशी लाल रंग होता. त्याला लागून एक बारीक उभी रेघ.

"हात हाय त्यो," बाई म्हणाली.

आम्ही गाडी दामटली. तो खड्डा बेकायदा काढलेल्या मुरमाचा होता, टिपरच्या मालकाचा. पत्रातले गट नंबर त्याच जागेचे होते. किती मुरूम उपसला, हे मोजायलाच तहसीलने ड्रोन पाठवला होता. ती मोजणी बंद पडावी म्हणून त्याने मला खबर दिली आणि मी ती बंद पाडली. पोलीस खड्ड्याकडे फिरकू नयेत म्हणून त्याने आम्हाला कालव्याकडे धाडले आणि आम्ही गेलो. म्हातारा तिथे पडला आहे हे त्याला माहीत नव्हते, असे तपासात निघाले. त्याच्यावर गुन्हे दाखल झाले. मला मात्र त्याने दिलेल्या गाड्या आठवत राहिल्या.

म्हातारा जिवंत सापडला. काठ ढासळून पाय मोडला होता, जखम चिघळली होती. सोलापूरच्या रुग्णालयात गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आदल्या दिवशी आणले असते तर, असे डॉक्टर बोलू लागले आणि माझा चेहरा पाहून थांबले.

ड्रोनवाल्याला त्याच दिवशी सोडले. महिनाभराने मी साध्या कपड्यांत त्याच्या ऑफिसात गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मीही खाली बघितलं नाही, सर. ती मेंढरं माझ्याच आवाजाने बुजली." त्याने चहा मागवला. आम्हा दोघांनाही तो संपवता आला नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुरावा जपायला शिकलो. तो कशासाठी जपायचा, हे मला या प्रकरणाने शिकवले. आणि खबर देणारा ओळखीचा असला की अधिकाऱ्याने दुप्पट सावध व्हावे, हेही. नव्या अधिकाऱ्यांना मी एवढेच सांगतो की कपाटाला कुलूप लावण्याआधी आत काय ठेवले आहे ते एकदा बघा.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या वाड्यावर गेलो. म्हातारा बाजेवर बसून लोकर निवडत होता. मेंढरे निम्मी विकली होती. त्याच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. उलट तो मला कौतुकाने सांगू लागला.

"खड्ड्यात पडलो तवा लई भ्यालो हुतो साहेब. पर ते यंत्र वरनं गेलं. मी हात केला. म्हटलं, आता बगितलं कुणीतरी, आता येतील. त्या आशेवर तर रात काढली की."

सून चुलीपाशी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि चहाचे आधण ठेवले. त्याने केलेला तो हात रात्रभर माझ्या कपाटात सीलबंद पडून होता, हे तिने त्याला सांगितलेले नाही. मीही त्या दिवशी सांगू शकलो नाही. म्हणून इथे लिहिले आहे.