डिस्कवरचे कुंकू

संगणक मी साठीनंतर शिकले आणि लिहूही तेव्हाच लागले. शाळेत तीस वर्षे मुलांचे निबंध तपासले. स्वतः चार ओळी लिहिण्याचे धाडस निवृत्तीनंतर झाले, तेही घरात कुणाला कळू न देता. तीन वर्षांचे ते लेखन संगणकातल्या डिस्कवर होते. दुसरी प्रत नव्हती, कारण ती करून घ्यायची तर ते कुणाला तरी दाखवावे लागले असते.

एके दिवशी संगणक बंद पडला. आर्वीच्या बस डेपोजवळचा दुरुस्तीवाला घरी येऊन पाहून गेला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस.

"मदरबोर्ड गेला मॅडम. दुपारी नेतो. डिस्कमधी कामाचं काय हाय?"

"भजने," मी म्हणाले. इतके सहज खोटे मला बोलता येते, तर त्यालाही येत असेल, असे लगेच वाटून गेले.

माझे माहेर भाजी पिकवणाऱ्यांचे. माल बाजारात जाई तेव्हा आई प्रत्येक टोपलीच्या बुडाला गेरूचा ठिपका देई; आपली चांगली टोपली जाऊन कुणाची फुटकी येऊ नये म्हणून. मीही दुपारपूर्वी संगणकाच्या बाजूचे पत्र्याचे झाकण काढले आणि डिस्कवर कुंकवाचा बारीक ठिपका दिला. गेरू घरात नव्हता.

चौथ्या दिवशी संगणक परत आला. पेटीवर, बाहेरच्या बाजूने, ठसठशीत कुंकू लावलेले होते. माझी खूण त्याला सापडली आणि त्याने मला हे उत्तर दिले, असा अर्थ मी काढला.

"दुकानात चालू करून पाह्यलं," एवढे बोलून तो गेला.

घरी मात्र पंखा फिरला, दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ उमटली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मी पुन्हा झाकण काढले. डिस्कवर ठिपका नव्हता. माझी तीन वर्षे कुठल्या तरी परक्या यंत्रात असतील, कुणी ती वाचून हसत असेल, या कल्पनेने मी लगेच त्याला फोन लावला. फोनवर मात्र "सुरू होत नाही," यापलीकडे बोलवले नाही.

संध्याकाळी तो आला. बराच वेळ तो सेटिंगचा एकेक निळा पडदा उलटत राहिला. शेवटी मी विचारले,

"डिस्क हीच होती ना?"

"हेच हाय. काऊन?"

"हिच्यावर कुंकू होते."

"म्या पुसलं न. दसऱ्याले लोकं पूजा करते, कुठंबी कुंकू लावते. आत पूड उडली त पंख्यात जाते. पर पूजेचं पुसलं, मले बरं नाई वाटलं. म्हणून बाहेरून लावून देलं."

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. तरी शंकेचे शेपूट उरलेच होते.

"मग दुकानात सुरू झाला तो कसा?"

"माह्या डिस्कवर. तुमची लावलीच नाई. दुसऱ्याची भजनं आपण काऊन उघडावं? तेच चुकलं. नवा बोर्ड टाकला तो नव्या चालीचा, तुमची डिस्क जुन्या चालीची. जुन्या चालीनं उठवलं त उठते."

त्याने एक पर्याय बदलला. संगणक उठला. माझी फाइल होती तिथेच होती. ती उघडताना तो पाठ फिरवून स्क्रू लावीत होता.

"आली भजनं?"

"आली."

तो पिशवी उचलून दारापर्यंत गेला होता.

"याची एक प्रत करून द्याल?" मी म्हणाले.

"भजनांची?"

"भजने नाहीत. लेखन आहे. माझे."

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिले.

"मंग लहान पेनड्राइव्ह बी पुरते मॅडम," तो म्हणाला. "लेखनाले भजनावानी जागा लागत नाई."