सल्लागारांच्या आधीची यादी
परवा एका दुकानात कार्बन पेपरचा वास आला आणि चिकलठाण्याचा आमचा कारखाना आठवला. मी तिथं टायपिस्ट होतो. एका दुपारी मॅनेजरांनी कामावरून कमी करायच्या चाळीस जणांची यादी माझ्याकडे टाइप करायला दिली आणि म्हणाले, "ही सल्लागारांच्या अहवालाला जोडायची." मी म्हटलं, "पण ते पुण्याहून सोमवारी यायचेत ना?" "म्हणूनच बोलावलंय त्यांना. आपण काढलं तर लोक आपल्या दारात येतील." यादीत कन्नड तालुक्यातले एक जुने फिटर होते. सोमवारी ते धुतलेला सदरा घालून आले आणि पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये सल्लागारांना एकेक मशीन दाखवत हिंडले. संध्याकाळी मला म्हणाले, "लई भला माणूस हाय. समदं लिहून घेतलं त्यानं." मी नुसती मान हलवली. महिन्याभरानं अहवाल आला. यादी तीच, मी टाइप केलेली. शेवटच्या दिवशी फाटकापाशी ते म्हणाले, "आपल्या सायबानं नसतं काढलं. बाहेरच्याला काय कळतंय?" तेव्हाही मी गप्पच राहिलो. आता खरं सांगावंसं वाटतं, पण ऐकायला ते राहिले नाहीत.