आठ महिन्यांनी पाच शब्द

आधीच सांगते, असले अनुभव मी आजवर चहा पिता पिता, गंमत म्हणून वाचत आले. वाचून झालं की मनात म्हणायचे — झोप झाली नसेल बिचाऱ्याची. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसल्यावर थोडं अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

मी सर्व्हे शिपवर काम करते. जहाजाच्या खालून पाण्यात आवाज सोडायचा, तो समुद्राच्या तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून खोली काढायची — थोडक्यात हेच माझं काम. आवाज कुठून निघाला, कशावर आपटला, किती वेळाने आला, हे कळल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. सहा आठवडे पाण्यावर, सहा आठवडे घरी, अशी ड्यूटी.

घर हैदराबादला, बरकतपुऱ्यात. बाबा कोर्टात दुभाषी होते. उर्दू, तेलुगू, मराठी, इंग्रजी — चारही भाषा पाण्यासारख्या. घरी मात्र त्यांची मराठी आमची हैदराबादी, अर्धी दखनी. 'नको' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही, कायम 'नक्को'. आणि मी मुक्ता फक्त शाळेच्या दाखल्यावर. त्यांच्यासाठी 'मुक्ते'.

सुट्टीतले दहा-बारा दिवस मी उत्तराखंडात ट्रेकला जाते. सहा आठवडे पायाखालची जमीन हलत असते, म्हणून की काय, मला नंतर डोंगर लागतातच. बाबांनी ना समुद्र नीट पाहिला ना बर्फ. पण मी परत आले की खोदून खोदून विचारायचे. तिकडे ढगाला काय म्हणतात, पायवाटेला काय म्हणतात...

त्यांचा शेवटचा फोन मला जहाजावर आला होता. आज मासे दिसले का, जेवायला काय होतं, असं काहीबाही विचारत होते. माझी शिफ्ट सुरू व्हायला चारच मिनिटं होती. मी म्हटलं, "बाबा, नंतर बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आम्ही किनाऱ्यापासून फार लांब होतो, मी घरी पोचेपर्यंत नऊ दिवस गेले. चार भाषांतला एकच शब्द उरला होता — "हां." भूक लागली तरी हां, पाय दुखला तरी हां. कुठला 'हां' कशासाठी, ते फक्त आईला कळायचं.

आठ महिने असे गेले. मधल्या एका सुट्टीत मी घराबाहेर पडलेच नाही. पुढच्या सुट्टीत आई म्हणाली, "जाऊन ये तू डोंगरात. माझ्याच्याने दोघांची तोंडं नाही बघवत."

"आणि बाबा?"

"मी आहे ना. शिवाय तू इथे बसून काय करतेस? नुसती त्यांच्याकडे बघत बसतेस. त्यांना आवडत नाही ते."

गेले. सोबत नेहमीचे गाईड, दयालसिंगजी. पन्नाशीचे, कमी बोलणारे. तिसऱ्या दिवशी आम्ही एका मोठ्या कुरणातून पलीकडच्या कॅम्पकडे निघालो होतो. जेवणानंतर त्यांच्या खेचराच्या पायात काहीतरी रुतलं. ते म्हणाले, तुम्ही सावकाश पुढे चला, वाट सरळ आहे, मी आलोच.

दहा मिनिटांत धुकं आलं. आलं म्हणजे — खालून वर चढत आलं आणि मला माझे बूट दिसेनासे झाले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी दुसऱ्याच विचारात होते. ते चार मिनिटांचं प्रकरण डोक्यातून जात नव्हतं. चार मिनिटांत माणूस काय काय बोलू शकतो, हाच विचार. चालत राहिले. एके ठिकाणी वाटेला फाटा होता. डावीकडची खाली जाणारी वाट रुंद, चांगली मळलेली. वर जाणारी जेमतेम दिसत होती. मी खालची धरली.

पंधरा-वीस पावलं गेले असेन.

"मुक्ते, उधर नक्को. वर ये."

मागून. जोरात नाही, हाक मारल्यासारखंही नाही. लहानपणी मी गॅलरीच्या कठड्याला लोंबकळायला लागले की बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणायचे ना, त्या सुरात. आजारपणातला आवाज नव्हता तो. भरलेला, जुना आवाज.

भीती नाही वाटली. नवल वाटेल तुम्हाला, पण आधी मला नुसतं बरं वाटलं. मग सवयीने हात घड्याळाकडे गेला — आमच्या कामात काहीही ऐकू आलं की आधी वेळ बघतात. दोन वाजून वीस मिनिटं. मग मी तिथेच खाली बसले. रडत होते, हे गालाला वारा लागल्यावर कळलं.

थोड्या वेळाने दयालसिंगजी आले. उजवीकडे मोकळ्या धुक्यात बघत त्यांनी विचारलं, "आपके साथ कौन था?"

"कोई नहीं."

"मैं तो आदमी की आवाज़ सुनकर इधर मुड़ा. नहीं तो ऊपर निकल जाता."

काय म्हणाला तो आवाज, असं मी विचारलं. ते म्हणाले, शब्द कळले नाहीत, आपकी तरफ़ की बोली थी.

धुकं विरळ झाल्यावर आम्ही पुढे जाऊन पाहिलं. ती मळलेली वाट मेंढ्यांची होती. पंचवीस-तीस पावलांवर ती दरड कोसळून तुटली होती आणि खाली नुसता ओढा. मी पडलेच असते असं मी म्हणत नाही. कदाचित वेळेत दिसलं असतं. कदाचित नसतं.

फोनला रेंज दुसऱ्या दिवशी, खाली गाडीरस्त्यावर आली. आईला काय आणि कसं सांगावं ते मी ठरवत होते. पण तिनेच बोलायला सुरुवात केली.

"अगं, कालपासून लावतेय तुला. काल हे बोलले."

मी गाड्यांच्या आवाजापासून लांब सरकले.

"मी स्वयंपाकघरात होते. वाटलं कोणी आलंय. धावत गेले तर हेच. खिडकीकडे तोंड करून. तुझं नाव घेतलं, उधर नक्को म्हणाले, वर ये म्हणाले. स्वच्छ. मग मी किती विचारलं, काय हो, काय पाहिजे... तर पुन्हा हां."

"किती वाजता आई?"

"व्यायाम करवून घेणारी मुलगी अडीचला येते, त्याच्या जरा आधी. का गं?"

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. मिळेल त्या गाडीने, मग विमानाने, घरी आले. बाबांच्या शेजारी बसून विचारलं, "बाबा, तुम्ही बोलावलंत मला?" त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बस, इतकंच. त्यानंतर आजपर्यंत ते एक वाक्यही बोललेले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, असे पेशंट कधीतरी एखादं वाक्य अचानक बोलून जातात, मेंदूत कुठेतरी साठलेलं असतं. मान्य. पण नेमकं तेच वाक्य, त्याच वेळी? आणि दयालसिंगजींनी काय ऐकलं? डॉक्टरांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि विषय बदलला.

आईला मी पंधरा दिवसांनी सांगितलं. मला वाटलं होतं, ती हात जोडेल, देवाचं नाव घेईल. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "आठ महिने उशाशी मी बसले. आणि बोलले ते तुझ्याशी."

ते रागाने नव्हतं म्हटलेलं. त्यात हेवा होता, अगदी कोवळा, लहान मुलीसारखा. मी तिच्याजवळ सरकून बसले.

मग ती म्हणाली, "कसं ऐकलंस तू? म्हणून दाखव."

मी म्हटलं, "मुक्ते, उधर नक्को. वर ये."

तिने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "'ये' असं तोडू नकोस. लांबवलं होतं त्यांनी. वर येऽ... शेवटी थोडं हसल्यासारखं."

खरंच तसंच होतं. मी ते तिला सांगितलं नव्हतं.

मी पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर. ती म्हणाली, "हां. असंच." आणि आणखी एकदा म्हणायला लावलं.

मला आजही याचं काही उत्तर सापडलेलं नाही. आईला ते नकोच आहे.